पाणवठा बांधण्याआधी थांबा : अधिवास राखताना या चुका टाळा

दुष्काळ लांबला की पहिली सूचना ठरलेली असते, ‘जंगलात पाणवठे करू या.’ हेतू चांगला, फोटोही छान येतात. पण धोक्यात आलेल्या प्रजातीच्या जिवावर हाच उपाय कधी कधी बेततो.

पाण्यावर गर्दी आहे, पण हवा तो प्राणी नाही

दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तर भागात रोन नावाचा दुर्मीळ कुरंग राहतो. त्याला उंच गवत लागतं. तिथे जागोजागी कृत्रिम पाणी उपलब्ध झालं, तसे झेब्रे आणि विल्डबीस्ट येऊन ठाण मांडून बसले. त्यांच्या मागोमाग सिंह आले. त्यात दुष्काळाची भर पडली. १९८६ साली ४५० च्या आसपास असलेले रोन १९९३ पर्यंत ४५ च्या घरात आले. पुढे त्या भागातले पाणवठे बंद करण्याची वेळ आली.

म्हणून कॅमेऱ्यात किती प्राणी आले, यावर खूश होऊ नका. ज्याच्यासाठी खटाटोप केला तो आला का, नवं कोण आलं, आणि पाण्याभोवतीचं गवत किती अंतरापर्यंत खुरटलं, हे पाहा. उत्तरं बिघडलेली दिसली तर पाणवठा बंद करा. मात्र ऐन उन्हाळ्यात नको, आसपास दुसरं पाणी असेल तेव्हा. त्याहून बरं म्हणजे आटलेले झरे आणि ओढे मुळापासून दुरुस्त करणं. वेळखाऊ काम आहे आणि उद्घाटनाची फीत कापता येत नाही, बहुधा म्हणूनच ते मागे पडतं.

झाडं जगली, पक्षी गेले

माळरानाला पडीक समजणं ही जुनी खोड. हवामान बदलावर उपाय म्हणून तिथे रोपं लावली की माळढोक, तणमोर, चंडोल यांची मोकळी जागा जाते आणि शिकारी पक्ष्यांना बसायला उंच ठिकाणं मिळतात. गवताळ प्रदेशातला बराचसा कार्बन मुळांत आणि मातीत असतो, वणवा लागला तरी तो तिथेच टिकतो. कच्छच्या बन्नी या गवताळ प्रदेशात १९६०च्या दशकात खारटपणा रोखायला वेडी बाभूळ लावली गेली. आता गवत वाचवायचं तर तिलाच हटवावं लागतं. खड्डे खणण्याआधी एकच गोष्ट शोधा: ही जागा पूर्वी खरंच जंगल होती का? नसेल, तर रोपं परत पाठवा. तिथे उपरी झुडपं काढणं आणि चराई आवरणं हेच संवर्धन.

सीमा तीच, प्राणी बाहेर

दर १,००० मीटर चढलं की तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरतं. म्हणजे एक अंश तापमानवाढ झाली, तर तोच गारवा मिळवायला जवळपास १५० मीटर वर जावं लागतं. आपलं कुंपण मात्र जागचं हलत नाही. नकाशा आखताना फक्त आजची वस्ती धरू नका. वरचा उतार, सावलीची घळ, त्यांना जोडणारी वाट हेही आत घ्या. किनाऱ्यावर तेच: समुद्र चढतो तशी खारफुटी मागे सरकते, पण मागे भिंत बांधली असेल तर ती सरकणार कुठे?

घरटी सुरक्षित, पिल्लं जवळपास सगळ्या माद्या

कासवांचं लिंग वाळूच्या उष्णतेवर ठरतं. ऊब वाढली की माद्या वाढतात. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरिअर रीफ या प्रवाळ पट्ट्याच्या उत्तर भागातल्या किनाऱ्यांवर जन्मलेल्या हिरव्या कासवांच्या पिल्लांत ९९ टक्के माद्या असल्याचं २०१८ साली समोर आलं. अंडी हलवणार असाल तर वाळूत तापमापक ठेवा, सावली करा.

आणखी एक पाहणी करू, मग ठरवू

ही सगळ्यांत महागडी चूक. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला टोरेस सामुद्रधुनीतलं ब्रॅम्बल के हे इवलंसं बेट. तिथल्या मेलोमिस या उंदराला वाचवण्याचा आराखडा २००८ साली तयार होता. समुद्राचं पाणी चढत राहिलं आणि बेटावरची हिरवळ २००४ मधल्या २.२ हेक्टरवरून २०१४ मध्ये ०.०६५ हेक्टरवर आली. त्या वर्षीच्या शोधात एकही मेलोमिस सापडला नाही.

त्यामुळे आराखड्यात आधीच आकडा लिहून ठेवा: संख्या किंवा झाडोरा इतक्यावर आला, की काही जनावरं बंदिस्त प्रजननासाठी उचलायची. कोणी, कुठल्या पैशातून, कुठल्या जागेत, हेही त्याच पानावर.