दव टिपायचंय? आधी बसा

गवतावरचं दव किंवा कोळ्याचं जाळं कॅमेऱ्यात टिपायचं तर चालणं थांबवा. हातभर जागा निवडून १० मिनिटं नुसतं बघत बसा, कॅमेरा नंतर. मॅक्रो लेन्सने (बारीक गोष्टी जवळून मोठ्या दाखवणारी लेन्स) अगदी जवळून फोकसमध्ये येणारी खोली जेमतेम १-२ मिलिमीटर, त्यामुळे श्वासागणिक फोकस सुटतो. ऑटोफोकस बंद करा, अंतर एकदा ठरवा आणि स्वतःच किंचित पुढे-मागे झुकत सलग ५-६ फोटो घ्या. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, एफ/८ ते एफ/११ पुरे. एफ/२२ला छिद्र फार बारीक होऊन प्रकाश पसरतो (विवर्तन), त्यामुळे बारकावेच पुसट होतात. चाकासारखं गोल जाळं सपाट असतं, म्हणून कॅमेरा त्याला समांतर धरा, नाहीतर एक कडा धूसर येणारच. शटर १/२५० सेकंद ठेवलं तरी झुळूक ओसरेपर्यंत थांबा. पण ऊन चढायच्या आत. नंतर दव उरत नाही.