लांबच्या सागरी सफरीत या चुका टाळा

लांबच्या क्रूझवर निघालेल्यांना मिळणारे बहुतेक सल्ले बॅगेत काय भरावे इथेच संपतात. प्रत्यक्षात फजिती होते ती जहाजावर राहू लागल्यानंतर. चार रात्रींच्या सफरीत ज्या सवयी खपून जातात, त्या तीन-चार महिन्यांच्या सफरीत दहाव्या दिवशीच अंगाशी येतात. मी आजवर तीन लांब सफरी केल्या, त्यांतली सर्वांत मोठी १०८ दिवसांची होती. तिन्ही वेळा त्याच चुका नव्या चेहऱ्यांनी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांतली पहिली चूक मी स्वतःच केलेली आहे, म्हणून सुरुवात तिच्यापासून करते.

मोबाइलच्या घड्याळावर विसंबणे

जहाजाला स्वतःची वेळ असते. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते. त्यामुळे जहाज पश्चिमेकडे निघाले की दर काही दिवसांनी रात्री घड्याळ एक तास मागे घ्यावे लागते आणि पूर्वेकडे निघाले की पुढे करावे लागते. हा बदल कधी करायचा हे कप्तान ठरवतो. बंदरावरची वेळ आणि जहाजाची वेळ एकच असेल असा कोणताही नियम नाही. एखाद्याच दिवसाच्या मुक्कामासाठी घड्याळे हलवायची नाहीत, असा निर्णय अनेकदा घेतला जातो. मोबाइलला मात्र यातले काही ठाऊक नसते. किनाऱ्यावरचा मनोरा सापडला की तो निमूटपणे तिथली वेळ दाखवू लागतो.

पॅसिफिकमधल्या एका बेटावर मी नेमकी याच सापळ्यात सापडले. जहाजाची वेळ बेटाच्या वेळेपेक्षा एक तास पुढे होती. आदल्या संध्याकाळी केबिनमध्ये आलेल्या पत्रकात ते ठळक अक्षरांत छापलेलेही होते, पण ते पत्रक मी न वाचताच उशीखाली सरकवले होते. सर्वांनी साडेचारपर्यंत परतायचे होते आणि पाच वाजता जहाज निघणार होते. धक्क्यापासून दोन किलोमीटरवर एका दगडी कट्ट्यावर मी पाय सोडून बसले होते आणि मोबाइलवर तीन वाजून वीस मिनिटे झाली होती. शेजारून घाईघाईने चाललेल्या आमच्याच जहाजावरच्या एका आजोबांनी मला हटकले आणि काही न बोलता मनगटावरचे घड्याळ माझ्यासमोर धरले. त्यात चार वाजून वीस मिनिटे झाली होती. पुढचे दोन किलोमीटर मी कशी धावले हे मला आठवत नाही. आठवतो तो धक्क्यावर यादी घेऊन उभा असलेला अधिकारी. तो रागावला नाही. त्याने माझ्या नावापुढे शांतपणे खूण केली आणि कानातल्या यंत्रावर कोणाला तरी सांगितले, की आता पासपोर्ट काढायची गरज नाही. कोणी वेळेत परतले नाही, तर त्याचा पासपोर्ट धक्क्यावरच्या एजंटकडे सोपवून जहाज निघून जाते. ती तयारी माझ्यासाठी चालली होती, हे मला शिडी चढताना उमगले.

तेव्हापासून मी एक साधे, काटे असलेले मनगटी घड्याळ वापरते. ते रोज रात्री झोपण्यापूर्वी पत्रकाशी ताडून पाहते आणि मोबाइलमधली आपोआप वेळ बदलण्याची सोय चढल्या दिवशीच बंद करून टाकते. मोबाइल विमान मोडवर ठेवण्याची सवयही त्याच दिवशी लावून घ्यावी, कारण खोल समुद्रात तो जहाजाच्या उपग्रह-जोडणीला गुपचूप चिकटतो आणि त्याचे बिल घरी पोहोचल्यावर कळते.

आंतरराष्ट्रीय वाररेषेचा गोंधळही याच घराण्यातला आहे. पश्चिमेकडे जाताना ती रेषा ओलांडली की कॅलेंडरमधला एक अख्खा दिवस गळतो आणि पूर्वेकडे जाताना तोच दिवस दोनदा येतो. १५२२ साली मॅगेलनच्या मोहिमेतले वळसा पूर्ण करणारे एकमेव जहाज पृथ्वी फिरून केप व्हर्दे बेटांपाशी आले, तेव्हा जहाजावर बुधवार होता आणि किनाऱ्यावर गुरुवार. मोहिमेची रोजनिशी ठेवणारा, रोज न चुकता दिनांक लिहिणारा पिगाफेटा त्यामुळे चक्रावून गेला होता. त्याला हे सांगणारे कोणी नव्हते, तुम्हाला मात्र जहाज चार दिवस आधीपासून सांगत असते. ज्यांना आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी आहे, त्यांनी गळणाऱ्या दिवसाचे काय करायचे हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून ठेवावे.

पहिल्याच आठवड्यात सगळे उरकणे

रोज रात्री केबिनमध्ये येणाऱ्या त्याच पत्रकात दुसऱ्या दिवसाचे कार्यक्रम असतात. सकाळी सातला व्यायाम, मग व्याख्यान, ब्रिज या पत्त्यांच्या खेळाचा वर्ग, नृत्याचा वर्ग, जलरंग, प्रश्नमंजूषा, गायनवृंदाची तालीम, दुपारचा चहा, रात्रीचा प्रयोग. नवखा प्रवासी पेन घेऊन बसतो आणि सगळ्यांभोवती गोल काढतो. असा अकरा गोलांचा कागद मी स्वतः पाहिला आहे. तो गृहस्थ सलग नऊ दिवसांच्या समुद्रप्रवासातल्या पहिल्या तीन दिवशी एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर नुसता पळत होता. पाचव्या दिवशी तो ग्रंथालयाच्या खिडकीशी बसून मला म्हणाला, की या जहाजावर करण्यासारखे काहीच उरलेले नाही. कार्यक्रम तेच होते, फक्त त्याची भूक मेली होती.

मी एका दिवसात दोनच गोष्टी निवडते आणि त्यांतली एक तरी रोजची ठेवते. वर्गात तीच दहा-बारा माणसे रोज भेटत राहिली की ओळखी मुरतात, आणि लांबच्या सफरीत त्या ओळखींवरच दिवस जातात. मधूनच उगवणाऱ्या पाहुण्याला ब्रिजच्या टेबलावर कोणी जोडीदार करून घेत नाही. दुपारचे दोन तास मी मोकळेच सोडते. त्या वेळात मी जहाजाच्या मागच्या टोकाशी जाऊन पाण्यात उमटत जाणारा पांढरा माग पाहत बसते, आणि त्याबद्दल मला कोणाला उत्तर द्यावे लागत नाही.

उतावळेपणा किती नुकसान करू शकतो हे पाहायचे असेल, तर जिगसॉच्या टेबलापाशी उभे राहावे. बहुतेक लांब पल्ल्याच्या जहाजांवर ग्रंथालयाच्या कोपऱ्यात असे एक टेबल असते. त्यावर हजार तुकड्यांचे चित्र पसरलेले असते आणि येणारा-जाणारा त्यात दोन-चार तुकड्यांची भर घालतो. आमच्या चित्रात वरचा निम्मा भाग नुसता आकाशाचा होता. आकाशाचे तुकडे रंगाने ओळखता येत नाहीत, ते आकारावरून वेगळे करावे लागतात. त्यासाठी मी सारख्या आकाराच्या तुकड्यांच्या वेगवेगळ्या ओळी मांडून ठेवल्या होत्या. एका सकाळी येऊन पाहते तो आकाश अचानक बरेच पुढे सरकलेले होते. आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी वरची कड जुळेना, तेव्हा आम्ही चौघींनी भिंगाखाली तपासले. कोणीतरी न बसणारे तुकडे तळहाताने ठोकून बसवले होते, त्यांच्या कडांची पुठ्ठ्याची साले निघाली होती आणि एकूण एकतीस तुकडे चुकीच्या जागी होते. ते उसकटून पुन्हा लावायला आम्हाला आणखी दोन दुपारी लागल्या. तुकडा खरोखर जागचा असेल, तर बोटाच्या टोकाने बसतो. जोर लावावासा वाटला की हात मागे घ्यावा. शेवटचा तुकडा आपण लावावा म्हणून तो खिशात घालून फिरणाऱ्यांविषयी मी इथे काहीच लिहीत नाही, कारण मला सभ्य शब्द सुचत नाहीत.

डेकवर आखलेल्या चौकटींत चकत्या सरकवण्याच्या शफलबोर्ड या खेळातही हीच जात भेटते. काठीने चकती जोरात ढकलली की ती हमखास ‘दहा वजा’च्या चौकटीत जाऊन बसते. वारा एका बाजूने लागला की जहाज किंचित कलते आणि चकती त्या बाजूला सरकते. म्हणून आपली पाळी येईपर्यंत इतरांच्या दोन चकत्या कोणत्या अंगाला झुकतात हे मी आधी पाहते. दुपारच्या बारा ते दुपारच्या बारा जहाजाने किती सागरी मैल कापले याच्या पैजेत तर नवखे लोक एकच चूक न कंटाळता करतात. वीस नॉटच्या, म्हणजे ताशी वीस सागरी मैलांच्या वेगाने चोवीस तासांत ४८० सागरी मैल होतात हे गणित ते बरोबर मांडतात, पण रात्री घड्याळ मागे गेलेले असते आणि तो दिवस पंचवीस तासांचा, म्हणजे ५०० मैलांचा असतो, हे विसरतात.

बोट लागल्यावर गोळी शोधणे

बोट लागू नये म्हणून घ्यायची गोळी ही लागण्यापूर्वी घ्यायची असते. एकदा पोट उलटू लागले की गोळी पोटात टिकतही नाही. कानामागे लावण्याची पट्टी तर आणखी आधी, काही तास अगोदर लावावी लागते, आणि ती कोणाला चालत नाही हे डॉक्टरच सांगू शकतात. रोज दुपारी कप्तान लाटांची आणि वाऱ्याची माहिती देतो. ती कान देऊन ऐकणे हाच माझा अर्धा उपाय आहे. जहाजाच्या पोटाशी असलेले पंख आडवे डोलणे बरेच कमी करतात, पण पुढचे टोक वर-खाली होते त्यावर त्यांचा फारसा इलाज चालत नाही. म्हणूनच वरच्या मजल्यावरची, अगदी पुढची केबिन हौसेने घेणारे लोक वादळात सर्वांत आधी आडवे होतात. अशा वेळी मी जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर जाऊन बसते, क्षितिजाकडे पाहते आणि कोरडे काहीतरी थोडे थोडे खात राहते. रिकाम्या पोटी अंथरुणात पडून मोबाइल वाचणे हा त्यावरचा सर्वांत वाईट उपाय आहे, आणि तोच सर्वांत लोकप्रिय आहे.

ज्यांना एखादेच वाक्य पुरे आहे अशा चुका

बाल्कनीचे दार उघडे असताना केबिनचे दार उघडू नये. वारा आरपार वाहतो आणि जड दार इतक्या जोरात आपटते, की मध्ये बोट सापडले तर ते शाबूत राहण्याची खात्री नाही. जेवणाच्या दालनाबाहेरच्या बाटलीतला जंतुनाशक द्रव हातांना फासून समाधान मानू नये. उलट्या-जुलाबांची साथ पसरवणारा नोरोव्हायरस त्याला फारसा दाद देत नाही, साबण आणि वाहते पाणीच लागते. इस्त्री आणि पाण्याची किटली घरून नेऊ नये, ती तपासणीतच काढून घेतली जाते. केबिनच्या भिंती बहुधा पोलादी असतात, त्यामुळे चुंबकाचे चार हुक नेले की टोप्या आणि पत्रके लटकवता येतात. दुर्बीण दहा पटींहून मोठी घेऊ नये, कारण हलत्या डेकवर तिच्यातला पक्षी जागेवर राहत नाही. माझी सात पटींची आहे आणि अल्बाट्रॉस तीतून पंखांच्या टोकांसकट दिसतो. धुलाईघरात समुद्रावरच्या दिवशी सकाळी जाऊ नये. मी जहाज बंदरात असताना, दुपारी जाते आणि दुसऱ्याचे ओले कपडे यंत्रातून बाहेर काढण्याचे पाप करत नाही. आरामखुर्चीवर टॉवेल टाकून तीन तास गायब होणाऱ्यांचे टॉवेल मी मात्र शांतपणे घडी करून बाजूला ठेवते.

पहिल्या दिवशीची सुरक्षेची कवायत अनेकांना कंटाळवाणी वाटते आणि ते ती पेला हातात घेऊन, गप्पा मारत उरकतात. १३ जानेवारी २०१२ रोजी कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज खडकावर आदळले, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्या दुर्घटनेत ३२ जण दगावले. त्यानंतर नियम बदलला आणि २०१५ पासून ही कवायत निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणीच घ्यावी लागते. भोंग्याचे सात आखूड आणि एक लांब आवाज एवढे लक्षात ठेवायचे असते. त्याशिवाय मी केबिनपासून जमण्याच्या जागेपर्यंत एकदा लिफ्टशिवाय, जिना मोजत चालून येते.

शेवटची चूक शेवटच्या रात्री होते. सामान मध्यरात्रीपूर्वी केबिनच्या दाराबाहेर ठेवायचे असते आणि ते रातोरात खाली नेले जाते. घाईत सगळे कपडे भरून दार लावून घेणारा एक जण प्रत्येक सफरीत सापडतोच. गेल्या वेळी तो आमच्याच मजल्यावरचा होता. सकाळी तो रेघांच्या झोपायच्या पायजम्यावर जहाजाचा पांढरा अंगरखा चढवून न्याहारीला आला आणि त्याच वेशात, पायांत कागदी सपाता घालून, रांगेत उभा राहून धक्क्यावर उतरला.