उन्हाळ्यात मिश्र टाकीतील लाल चेरी कोळंबीच्या पिल्लांची निगा : सोलापूर परिसरासाठी सल्ला (मार्च ते जून)

लाल चेरी कोळंबीची पिल्ले मिश्र टाकीत, म्हणजे मासे व कोळंबी एकत्र पाळलेल्या काचेच्या टाकीत, टिकत नाहीत, याचे खापर बहुतेक पाळक माशांवर फोडतात. मासे पिल्ले खातात हे खरेच आहे. परंतु सोलापूरच्या उन्हाळ्यात माशांच्या तावडीतून वाचलेली पिल्लेही पाण्याच्या चढउतारामुळे दगावतात, आणि दोन मिलिमीटरचे मेलेले पिल्लू टाकीत सापडत नसल्यामुळे हे नुकसान लक्षातही येत नाही. म्हणून या काळात खाद्य आणि नव्या उपकरणांपेक्षा पाणी स्थिर राखण्याकडे अधिक लक्ष द्यावे.

ही कोळंबी मूळची तैवान व चीनकडील गोड्या पाण्यातली. मादी पोटाखाली साधारण २० ते ३० अंडी धरते आणि तीन ते चार आठवड्यांत त्यांतून थेट आईसारखीच घडण असलेली, जवळजवळ पारदर्शक पिल्ले बाहेर पडतात. जंबो कोळंबीच्या पिल्लांना लागते तशी मचूळ पाण्याची अवस्था यांना लागत नाही, त्यामुळे घरच्या टाकीतही पैदास होऊ शकते. पहिले काही आठवडे ही पिल्ले फारशी पोहत नाहीत. शेवाळ, स्पंज, पाने यांवर साचणारा बुळबुळीत थर खात एकाच जागी राहतात. म्हणून पिल्लांचे रक्षण म्हणजे टाकीत त्यांना दाट जागा देणे. जावा मॉसचा मूठभर पुंजका पुरत नाही. टाकीचा निदान एक कोपरा तळापासून वरपर्यंत मॉस व हॉर्नवर्ट या पाणवनस्पतींनी गच्च भरावा, इतका की माशाचे तोंड आत शिरू नये.

एंजल, गोल्डफिश, टायगर बार्ब आणि दुकानात ‘शार्क’ म्हणून मिळणारा मासा ज्या टाकीत आहे, तिथे पिल्लांची आशा धरू नये. गप्पी, मोली, निऑन टेट्रा हे पिल्लू समोर आले तर खातात, परंतु वर सांगितल्याइतकी दाट वनस्पती असल्यास काही पिल्ले निभावतात. दुसरा धोका फिल्टरचा. मोटरच्या फिल्टरच्या तोंडावर बारीक छिद्रांचा स्पंज घट्ट बसवावा, किंवा सरळ हवेवर चालणारा स्पंज फिल्टर वापरावा. स्पंज धुताना तो टाकीतल्याच पाण्याने भरलेल्या पांढऱ्या बादलीत पिळावा आणि बादली थोडा वेळ तशीच ठेवून मग पाहावी. गाळ बसल्यावर त्यात हालचाल करणारी पिल्ले बऱ्याचदा दिसतात.

आता उष्णतेविषयी. या कोळंबीला २० ते २६ अंश सेल्सिअस पाणी मानवते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत बाहेरचा पारा ४० अंशांच्या वर असतो आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरील खोलीतली टाकी सहज ३० अंश ओलांडते. पाणी ३२ अंशांच्या आसपास गेले की अंडी धरणाऱ्या माद्या कमी होतात आणि धरलेली अंडीही गळतात. शिवाय २० अंशांच्या पाण्यात प्रत्येक लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तोच ३० अंशांना साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येतो. त्यामुळे हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवावा आणि वीज जाण्याची शक्यता धरून बॅटरीवरचा छोटा पंप जवळ ठेवावा.

टाकीचे झाकण काढून पृष्ठभागावर लहान पंखा तिरका लावल्यास पाणी दोन ते चार अंशांनी उतरते. आपला उन्हाळा कोरडा असल्याने हा उपाय इथे चांगला लागू पडतो. बर्फ किंवा गोठवलेली बाटली टाकीत सोडू नये. तासाभरात पाणी गार होऊन पुन्हा तापते, आणि पिल्लांना स्थिर २९ अंशांपेक्षा हा झोका अधिक बाधतो.

पंख्याची दुसरी बाजू अशी की पाणी झपाट्याने आटते. आटते ते केवळ पाणी. त्यातले क्षार मागेच राहतात. बोअरचे पाणी मुळातच जड असते. त्याच पाण्याने रोज भर घालत राहिल्यास महिन्याभरात टाकीतले क्षार इतके चढतात की कात टाकताना कोळंबी अडकते. म्हणून आटलेल्या पाण्याची भर आरओच्या शुद्ध पाण्याने घालावी. उन्हाळ्यात पाणी वाचवण्यासाठी आरओचे वाया जाणारे पाणी साठवून टाकीत ओतण्याची सवय काही घरांत आहे. भांडी-फरशीला ते ठीक, टाकीला मुळीच नको, कारण त्यात क्षार एकवटलेले असतात. मात्र साप्ताहिक पाणीबदल पूर्णपणे आरओच्या पाण्याने करू नये. कात टाकल्यावर नवे कवच घडवण्यासाठी कॅल्शियम लागते, आणि ते आपल्या नेहमीच्या पाण्यात असते.

पाणीबदल आठवड्याला दहा टक्क्यांच्या आसपासच ठेवावा. शहराच्या अनेक भागांत नळाला रोज पाणी येत नसल्याने ते गच्चीवरच्या टाकीत साठते आणि दुपारी चटका बसेल इतके तापते, म्हणून पहाटे भरून सावलीत ठेवलेलेच पाणी घ्यावे. ताज्या नळाच्या पाण्यात अँटी-क्लोरीन घालावे. नवे पाणी औषधाच्या दुकानातल्या सलाईनच्या नळीने थेंब थेंब सोडल्यास पिल्लांना धक्का बसत नाही.

तांब्याविषयी विशेष इशारा द्यावासा वाटतो, कारण आपला जिल्हा डाळिंबाचा आहे. डाळिंबावर फवारल्या जाणाऱ्या बोर्डो मिश्रणातल्या मोरचुदाचा (तांब्याच्या क्षाराचा) अंशही कोळंबीला मारक ठरतो. फवारणीची बादली, मग किंवा पाइप कितीही धुतला तरी टाकीसाठी वापरू नये, आणि तांब्याच्या हंड्यात साठवलेले पाणीही टाकू नये. माशांच्या काही औषधांत व गोगलगायनाशकांत तांबे असते, तेव्हा बाटलीवरचा मजकूर वाचूनच ती वापरावीत. डासांचे स्प्रे हवेच्या पंपातून थेट पाण्यात उतरतात. गल्लीत धुरळणी असेल तेव्हा पंप थोडा वेळ बंद करून टाकी झाकावी. हॉर्नवर्ट शेततळ्यातून आणले असेल तर ते आठवडाभर वेगळ्या पाण्यात, पाणी बदलत ठेवावे.

खाद्य कमीच द्यावे. उकळत्या पाण्यातून काढलेले पालकाचे बिनफवारणीचे पान किंवा दुधीची चकती पुरेशी असते, ती काही तासांत बाहेर काढावी. उरलेले अन्न उष्णतेत लगेच कुजते आणि आपल्या अल्कधर्मी पाण्यात त्याचा अमोनिया अधिक घातक ठरतो: सामू (पीएच) ७ वरून ८ झाला की विषारी अमोनियाचे प्रमाण जवळजवळ दहापट होते.

पिल्लांची मोजदाद दिवसा होत नाही. दिवा मालवल्यावर तासाभराने टॉर्चचा उजेड काचेवर तिरका पाडावा. काचेवर चरणारे पारदर्शक ठिपके व त्यांचे काळे डोळे दिसतात. तळाशी पोकळ, काचेसारखे कवच पडलेले असेल आणि डोक्यामागे चीर असेल तर ती कात आहे. ती काढू नये, कोळंबी ती खाऊन क्षार परत मिळवते. मेलेली कोळंबी मात्र अपारदर्शक, गुलाबीसर दिसते. ती लगेच काढावी.

जूनमध्ये पाऊस सुरू होऊन हवेत ओल आली की पंख्याचा परिणाम कमी होतो, पण बाहेरचे तापमानही उतरलेले असते. तेव्हा पंखा एकदम बंद न करता रोज थोडा वेळ कमी करावा. पावसाचे पाणी भरीसाठी उत्तम असले तरी पहिल्या दोन-तीन सरींचे, छपरावरची धूळ घेऊन आलेले पाणी धरू नये. सेंटिमीटरभर वाढलेली पिल्ले दुसऱ्या टाकीत हलवता येतात. तिथे निळ्या किंवा पिवळ्या जातीची कोळंबी नसावी, नाहीतर पुढच्या पिढ्यांचा रंग मळकट तपकिरी होत जातो. पिल्ले जास्त झाली तर ती ओळखीच्या पाळकाला किंवा दुकानदाराला द्यावीत. सिद्धेश्वर किंवा संभाजी तलावात ती सोडू नयेत.