गेमिंग लॅपटॉप टीव्हीला किंवा मॉनिटरला लावताय? या चुका टाळा

‘दादा, मॉनिटर बोगस निघाला.’ लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात बसून हे वाक्य मी महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकतो. बोगस निघालेला मॉनिटर मात्र वर्षाकाठी एखादाच. बाकी सगळा घोळ केबलमध्ये, सेटिंगमध्ये किंवा भिंतीतल्या सॉकेटमध्ये असतो. तिथे बघायचं सोडून लोक आधी विंडोज फॉरमॅट करतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

१४४ हर्ट्झचे पैसे दिले, खेळलात ६० वर

गेल्या वर्षी इंजिनिअरिंगचा एक मुलगा मॉनिटर खोक्यासकट दुकानात घेऊन आला. १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, क्यूएचडी (फुल एचडीपेक्षा बारीक चित्राचा), चांगला महागातला. ‘आठ महिने झाले, काही फरकच जाणवत नाही,’ म्हणाला. तोवर त्याने विंडोज दोनदा फॉरमॅट केलं होतं, ग्राफिक्सचे ड्रायव्हर कितीदा टाकले याची गणती नव्हती, आणि आता मॉनिटर निम्म्या किमतीत विकायला काढला होता.

मी तो टेबलावर लावला आणि माऊस नुसता गोल गोल फिरवला. ६० हर्ट्झवर बाणाच्या मागे सुट्या बाणांची माळ दिसते, प्रत्येक बाणामध्ये मोकळी जागा. १४४ वर तीच माळ दाट होते. त्याच्या स्क्रीनवर जागाच जागा होती. डेस्कटॉपवर राइट क्लिक, डिस्प्ले सेटिंग्ज, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले, रिफ्रेश रेट. तिथे ६० लिहिलेलं. नवीन स्क्रीन जोडली की विंडोज बऱ्याचदा ६० वरच थांबतं. आपण जाऊन बदलल्याशिवाय ते बदलत नाही.

मी १४४ केलं आणि स्क्रीन काळी पडली. मुलाचा चेहरा उतरला. मी केबल काढून हातात घेतली. सेट-टॉप बॉक्सबरोबर आलेली, बुटाच्या नाडीएवढी बारीक. टीव्हीचे चॅनल दाखवायला ती पुरते, एवढा डेटा तिच्यातून जात नाही. माझ्या कपाटातली जाड केबल लावली, पुन्हा १४४ केलं, चित्र आलं. मुलगा पाच मिनिटं काही न बोलता नुसता माऊस फिरवत बसला होता.

म्हणून आकडे एकदा नीट समजून घ्या. एचडीएमआय म्हणजे टीव्हीला लावतो ती नेहमीची चित्राची केबल, आणि तिच्या आवृत्त्या आहेत. १.४ मधून सेकंदाला १०.२ गिगाबिट जातात, म्हणजे ४के चित्र ३० हर्ट्झला. २.० मधून १८ गिगाबिट, म्हणजे ४के ६० ला. २.१ मधून ४८ पर्यंत, म्हणजे ४के १२० ला. यात लॅपटॉपचा पोर्ट, केबल आणि टीव्हीचा पोर्ट या तिघांत जो सगळ्यात कमजोर, त्याचाच वेग तुम्हाला मिळणार. केबल घेताना ‘२.१ वाली द्या’ म्हणू नका, पाकिटावर ‘अल्ट्रा हाय स्पीड’ लिहिलेलं आणि स्कॅन करायचं लेबल आहे का ते बघा. मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट (एचडीएमआयसारखाच चित्राचा दुसरा पोर्ट) असेल आणि लॅपटॉपमधून तो निघत असेल, तर मी तोच वापरतो, डोक्याला ताप कमी.

टीव्हीवाल्यांनी आणखी एक बघावं. बऱ्याच टीव्हींवर चारपैकी एक-दोनच पोर्ट पूर्ण वेगाचे असतात आणि तो वेगही मेन्यूत जाऊन चालू करावा लागतो. सॅमसंगवर त्याला ‘इनपुट सिग्नल प्लस’ म्हणतात, एलजीवर ‘डीप कलर’, सोनीवर ‘एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट’. टीव्हीच्या मागे पोर्टशेजारी बारीक अक्षरात काय छापलंय ते मोबाइलची बॅटरी मारून वाचा.

यूएसबी-सी दिसलं की अडॅप्टर घेऊ नका

प्रत्येक यूएसबी-सी, म्हणजे टाइप-सी, पोर्टमधून चित्र बाहेर येत नाही. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टचं किंवा थंडरबोल्टचं चिन्ह नसेल, तर आधी मॉडेलची माहिती काढा, मग अडॅप्टर विकत घ्या.

कुठला पोर्ट कुठल्या ग्राफिक्सला जोडलाय हेही प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळं असतं. अनेक गेमिंग लॅपटॉपमध्ये एचडीएमआय थेट एनव्हिडियाच्या वेगळ्या, ताकदवान ग्राफिक्स चिपला असतो आणि टाइप-सी प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्सला. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये फिजएक्सचं पान उघडलं की कुठली स्क्रीन कुणाला लागलीय त्याचं चित्रच दिसतं. ते पान उघडायला अर्धा मिनिट लागतो, आणि ‘बाहेरच्या स्क्रीनवर फ्रेम्स (सेकंदाला दिसणारी चित्रं) कमी येतात’ या निम्म्या तक्रारींचं उत्तर तिथे मिळतं.

अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर चालू अवस्थेत केबल खुपसणं

ही चूक माझ्या सगळ्यात जिव्हारी लागते, कारण इथे सेटिंग बदलून काही परत येत नाही.

एका मुलीने पहिल्या वर्षाच्या पगारातून साठवून धाकट्या भावाला गेमिंग लॅपटॉप घेऊन दिला होता. जुन्या वाड्यात भाड्याची खोली. लॅपटॉप चार्जिंगला, टीव्ही चालू, टीव्हीला सेट-टॉप बॉक्स, आणि बॉक्सला गच्चीवरून आलेली केबलवाल्याची वायर. भावाने एचडीएमआय खुपसली, बारीक ठिणगी दिसली, ‘टक’ असा आवाज आला. लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन चालू राहिली, पण एचडीएमआय त्या दिवसापासून मेला. पोर्टमागची चिप जळली होती. मायक्रोस्कोपखाली ती बदलायचे साडेसात हजार झाले. असं जळणं वॉरंटीत सहसा बसत नाही. पैसे देताना त्या मुलीने एकच विचारलं, ‘यात त्याची काय चूक?’

मी त्यांच्या घरी गेलो. सॉकेटला तीन भोकं होती, पण बोर्ड उघडला तर हिरवी वायर गुंडाळून, टेप लावून आत कोंबलेली. वरच्या जाड भोकात काही जोडलेलंच नव्हतं.

होतं काय ते सांगतो. लॅपटॉपच्या चार्जरमधून थोडा करंट नेहमीच गळत असतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो. नसेल तर लॅपटॉपची बॉडी जमिनीशी न जोडता तरंगत राहते आणि तिच्यावर २३० व्होल्टच्या साधारण निम्मा दाब दिसतो. करंट अगदी कमी, म्हणून माणसाला नुसती चिणचिण जाणवते. मनगट कडेला टेकलं की मुंग्या आल्यासारखं होतं ना, तेच. पण टीव्ही दुसऱ्याच वायरीने दुसऱ्याच दाबावर असतो. केबलचं टोक पोर्टला लागतं त्या क्षणी हा फरक त्या केबलमधून वाहतो, आणि वाटेत तीन-चार व्होल्टवर चालणारी चिप असते.

चिणचिण जाणवली तर ‘सगळ्याच लॅपटॉपना होतं’ म्हणून सोडून देऊ नका. इलेक्ट्रिशियनला बोलावून फेज आणि अर्थ यांच्यात मीटर लावायला सांगा, २३० च्या आसपास दाखवायला हवा. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त नको. चार्जरची जाड पिन कापणारे आणि टू-पिनचा कन्व्हर्टर लावणारे रोज भेटतात. वीस रुपयांच्या त्या कन्व्हर्टरमध्येच अर्थिंग तुटतं.

माझी स्वतःची सवय अशी आहे: टीव्ही आणि लॅपटॉप एकाच बोर्डवर, टीव्हीचा भिंतीवरचा स्विच बंद, चार्जर काढलेला, केबलवाल्याची वायर बॉक्समधून सैल केलेली. मग एचडीएमआय लावायची आणि शेवटी एकेक स्विच चालू करायचा. घरचे हसतात, तरी मी हेच करतो.

बाकीच्या, थोडक्यात

टीव्हीवर गेम मोड चालू करा. तो बंद असला की टीव्ही चित्र सजवत बसतो आणि बटण दाबल्यावर १०० मिलिसेकंदांचा उशीर सहज होतो. ६० फ्रेम्सच्या खेळात म्हणजे सहा फ्रेम्स. वायरलेस मिररिंगवर, म्हणजे केबलशिवाय चित्र पाठवून, नेमबाजीचे खेळ खेळायचा हट्ट तर सोडाच.

चित्राच्या कडा कापल्या जातात, टास्कबार अर्धा दिसतो? टीव्ही ओव्हरस्कॅन करतोय. एलजीवर ‘जस्ट स्कॅन’, सॅमसंगवर ‘फिट टू स्क्रीन’ शोधा. अक्षरं फुटत असतील तर त्या इनपुटचा प्रकार ‘पीसी’ ठेवा. काळा रंग राखाडी दिसला तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये आउटपुट रेंज ‘फुल’ करा, आणि टीव्हीची ब्लॅक लेव्हलही त्याला जुळवा.

कीबोर्डवरची विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ घ्या. ‘डुप्लिकेट’वर दोन्ही स्क्रीनना जुळेल तेवढंच चित्र मिळतं.

बॅटरीवर खेळू नका, ग्राफिक्स चिपला पुरेशी वीजच मिळत नाही. झाकण बंद करून लॅपटॉप टीव्हीखालच्या कप्प्यात सरकवणाऱ्यांना मी कळवळून सांगतो, बऱ्याच मॉडेलमध्ये हवा कीबोर्डच्या बाजूनेही आत जाते. झाकण उघडं ठेवा, मागची बाजू भिंतीपासून वीतभर लांब.

आवाज लॅपटॉपमधूनच येत असेल तर टास्कबारवरच्या स्पीकरवर क्लिक करून टीव्ही निवडा.

हॉल मोठा असेल आणि दहा मीटरची केबल लागणार असेल, तर साधी तांब्याची घेऊ नका, ऑप्टिकल (आत प्रकाशावर चालणारी) घ्या. तिला दिशा असते: एका टोकावर ‘सोर्स’ लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’. गेल्या महिन्यात एक काका फोनवर वैतागून सांगत होते की नवी केबल मेलेली निघाली. मी म्हटलं, काका, फॉल्स सीलिंगमधून ओढायच्या आधी टोकं वाचली होती का? थोडा वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाले, ‘थांबा, सुताराला बोलावतो.’