वृक्षबेडकांची पिल्ले आणि बेडूकमासे कसे शोधावेत व कसे ओळखावेत

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात, म्हणजे महाबळेश्वर, कास, ठोसेघर, पाटण आणि कोयनेच्या परिसरात, तसेच सांगलीच्या शिराळा तालुक्यात चांदोलीच्या अंगाला वृक्षबेडूक आढळतात. जत, आटपाडीसारख्या कोरड्या भागात हा शोध घेण्यात फारसा अर्थ नाही. मृगाचा पाऊस नीट बसल्यावर, जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत, हा काळ उत्तम. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यानात वन विभागाच्या परवानगीशिवाय जाऊ नये. सुरुवात गावातल्या विहिरीपासून किंवा शेतातल्या हौदापासून केली तरी चालते.

सर्वप्रथम पाण्यात नव्हे, पाण्याच्या वर पाहावे. आपल्याकडील सामान्य वृक्षबेडकाची मादी अंडी घालताना मागच्या पायांनी द्रव घुसळून त्याचा फेस करते आणि ते फेसाचे घरटे पाण्यावर झुकलेल्या फांदीला, गवताला किंवा हौदाच्या भिंतीला चिकटवते. मलबारी उडता बेडूक हेच काम पाण्यावर लोंबणाऱ्या पानांमध्ये करतो. ताजा फेस पांढरा असतो, पुढे तो पिवळसर होऊन वरून सुकतो. काही दिवसांनी बेडूकमासे (बेडकाची पाण्यात राहणारी, शेपटी असलेली पहिली अवस्था) त्यातून सुटून खालच्या पाण्यात पडतात, म्हणून असा फेस दिसला की थेट त्याच्याखालचे पाणी तपासावे. फेस मात्र फोडून पाहू नये, कारण आतली अंडी त्या ओलाव्यावरच जगतात.

बेडूकमासा ओळखताना रंगावर भिस्त ठेवू नये. गढूळ पाण्यातले आणि निवळ पाण्यातले एकाच जातीचे बेडूकमासेही वेगळे दिसतात. डोळ्यांची जागा अधिक भरवशाची. सामान्य वृक्षबेडकाच्या बेडूकमाशाचे डोळे डोक्याच्या दोन्ही कडांना असतात, त्यामुळे वरून आणि खालून पाहिले तरी ते दिसतात. शिवाय तोंडाच्या टोकाशी बहुधा एक पांढरट ठिपका असतो आणि शेपटीचा पडदा उंच असतो. भेकाचे (खरबरीत कातडीच्या, जमिनीवर राहणाऱ्या बेडकाचे) बेडूकमासे काळेकुट्ट, लहान असून झुंडीने फिरतात आणि त्यांचे डोळे पाठीकडे असतात. पाण्याच्या मधल्या थरात तरंगणारे, जवळजवळ पारदर्शक बेडूकमासे अरुंद तोंडाच्या लहान बेडकांचे असतात. खालून पाहण्यासाठी पारदर्शक बरणीत त्याच डबक्याचे पाणी घेऊन एकच बेडूकमासा क्षणभर ठेवावा आणि लगेच तिथेच सोडावा. हाताला डास पळवणारे मलम लावलेले असेल तर पाण्यात हातच घालू नये.

मागचे पाय आधी फुटतात, मग पुढचे, आणि शेपूट शोषली जात असतानाच पिल्लू पाण्याबाहेर येते. ही अर्धवट शेपटीची पिल्ले काठच्या गवतावर, अळूच्या पानांवर, रात्री नऊनंतर विजेरीच्या मंद उजेडात सहज सापडतात. बोटांची टोके पाहावीत: वृक्षबेडकाच्या बोटांना गोल, रुंद गाद्या असतात. पण एवढ्यावर निकाल देणे घाईचे ठरेल, कारण सह्याद्रीतल्या काही पाणबेडकांच्या बोटांनाही थोडी रुंद टोके असतात. सामान्य वृक्षबेडकाच्या मांडीच्या मागच्या बाजूस गडद जाळीत पिवळे ठिपके दिसतात. पिल्लात ते फिके असतील तर नाव न देता नोंद करून ठेवणेच बरे.

झुडूपबेडकांच्या बाबतीत मात्र बेडूकमासे शोधत बसू नये, कारण त्यांना ती अवस्थाच नसते. राओर्चेस्टिस वंशातील हे बेडूक (यातल्या एका जातीला 2013 मध्ये प्राणिशास्त्राचे प्राध्यापक हेमंत घाटे यांचे नाव देण्यात आले) पाण्यापासून दूर, दमट जागी अंडी घालतात आणि अंड्यातून थेट गव्हाच्या दाण्याएवढे, चार पायांचे बेडूक बाहेर येते. कारवीच्या झुडपांत अशी इवलीशी पिल्ले दिसली आणि जवळपास पाणी नसले, तर ती झुडूपबेडकांची असण्याची शक्यता मोठी.

झुडपात हात घालण्यापूर्वी उजेड टाकावा. चापडा जातीचा हिरवा विषारी साप ओढ्याकाठच्या फांद्यांवर बेडकांच्याच शोधात बसलेला असतो. उंच बूट घालावेत, आणि एका पाणवठ्यावरून दुसऱ्याकडे जाण्यापूर्वी ते धुऊन पूर्ण वाळवावेत, कारण बेडकांना मारणारी कातडीची बुरशी चिखलातून पसरते. नोंदवहीत तारीख, गाव, पाण्याचा प्रकार, फेस पाण्यापासून किती उंचीवर होता हे लिहावे आणि छायाचित्रे वरून, बाजूने व बोटांजवळून अशी तिन्ही काढावीत.