शाब्दिक गणित कसं सोडवायचं? आधी वाचा, आकृती काढा, आकडेमोड नंतर

उदाहरण समोर आलं की बरीच मुलं थेट आकडे उचलतात आणि विचारतात गुणायचं का भागायचं, आणि तिथेच घोळ होतो. बेरीज-वजाबाकी बहुतेकांना येतेच, गाडी अडते ती वाचण्यात. म्हणून आधी उदाहरण दोनदा वाचा आणि वहीत दोन ओळी लिहा, काय दिलंय आणि काय काढायचंय. एककासकट लिहा हां, नुसता आकडा नको.

मग आकृती. कच्ची चालेल, पण भूमितीत ती काढायचीच. समजा आयताची परिमिती ३६ सेमी आहे, लांबी रुंदीच्या दुप्पट, तर क्षेत्रफळ किती? घाईत रुंदी एक भाग, लांबी दोन भाग, झाले तीन, असं धरून ३६ ला ३ ने भागलं जातं आणि रुंदी १२ येते, जी साफ चूक आहे. चारही बाजूंवर भाग लिहून बघा, १+२+१+२, म्हणजे सहा भाग. ३६ भागिले ६, रुंदी ६ सेमी, लांबी १२ सेमी, क्षेत्रफळ ७२ चौसेमी. आता ताळा करा, ६+१२+६+१२ बरोबर ३६, जमलं. बघा, यात अवघड आकडेमोड काहीच नव्हती.

अंकगणितात कंचेभागुबेव (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम) सगळ्यांना पाठ असतं पण ते जपून वापरा. २०−८+५ मध्ये "बे" आधी म्हणून ८+५ केलं तर उत्तर ७ येतं, आणि ते चूक आहे. बेरीज-वजाबाकीचा मान सारखाच, डावीकडून जे आधी येईल ते आधी करायचं, म्हणजे १२+५=१७. गुणाकार-भागाकाराचंही तसंच.

अपूर्णांकांची बेरीज असेल तर आधी छेद समान करा, २/३ + १/४ म्हणजे ८/१२ + ३/१२ = ११/१२. वरचे वरच्यात आणि खालचे खालच्यात मिळवायचे नाहीत, बस.

शेकडेवारीत एकच प्रश्न सारखा विचारायचा, कशाचे टक्के? १०० मध्ये २०% वाढ झाली की १२०, आता २०% घट केली तर ती १२० ची, म्हणजे २४, उरले ९६. परत १०० होत नाहीत, कारण दुसऱ्या वेळी मूळ संख्याच बदललेली असते.

एककं बदलताना क्षेत्रफळाला खास जपा. १ मीटर म्हणजे १०० सेमी, पण १ चौमी म्हणजे १०० गुणिले १००, १०,००० चौसेमी, इथे दोन शून्यं हमखास खाल्ली जातात.

उत्तर आल्यावर ते शक्य तरी आहे का तेवढं बघा. काटकोन त्रिकोणात कर्ण, म्हणजे काटकोनासमोरची बाजू, सगळ्यात मोठा असतो, त्यामुळे काटकोनाच्या बाजू ६ आणि ८ असताना कर्ण ७ आला तर पुढे जाऊ नका, दोन्ही बाजूंच्या वर्गांची बेरीज ३६+६४=१०० इथून परत करा, १०० चं वर्गमूळ म्हणजे कर्ण १० येईल.