जर्मनीला शिकायला जाताय? नावाचे स्टिकर सोलापुरातूनच न्या

जर्मनीत पत्त्यात सहसा फ्लॅट नंबर नसतो. पोस्टमन पत्रपेटीवरचं आडनाव वाचून पत्र टाकतो. नाव दिसलं नाही तर पाकीट परत. आणि सुरुवातीला पोस्टाने येतं ते सगळं महत्त्वाचंच: बँकेचं कार्ड, वेगळ्या पाकिटात त्याचा पिन, आरोग्यविम्याचं कार्ड, कर क्रमांक.

म्हणून निघण्याआधी नवी पेठेत किंवा घराजवळच्या स्टिकरवाल्याकडून पाण्याने खराब न होणारे ८-१० छोटे स्टिकर करून घ्या. शेंगाचटणीने बॅग कितीही भरली तरी एवढी जागा उरतेच.

१. स्पेलिंग पासपोर्टवरचंच. आडनाव ठळक, एका ओळीत. मराठीत नको.

२. खोलीची चावी मिळाली की त्याच दिवशी एक स्टिकर पत्रपेटीवर, एक खालच्या दाराच्या बेलपाशी. पार्सलवाला बेलवरचंच नाव शोधतो.

३. कुणाच्या घरात एक खोली घेतली असेल तर मूळ भाडेकरूचं नाव झाकू नका, त्याच्या खाली लावा.

राहायला गेल्यापासून २ आठवड्यांत पालिकेत पत्त्याची नोंदणी करावी लागते. कर क्रमांक त्यानंतर त्याच पत्त्यावर येतो, त्यामुळे स्टिकर नोंदणीच्या आधी लागलेला हवा. नोंदणीला घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो. तो चावी घेतानाच मागून ठेवा.

मात्र चिकटवण्याआधी घरमालकाला विचारा. काही इमारतींत सगळ्यांच्या पाट्या एकसारख्या असतात आणि त्या तेच बसवून देतात. तोवर तात्पुरता स्टिकर चालेल का, तेही विचारून घ्या.